मस्टर आणि जर्नल बराबर

माझ्याकडे एकोणीस नियमांचा एक कागद आहे. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला तेव्हा रसायनशास्त्र विभागाने तो प्रत्येकाच्या हातात ठेवला होता. सायक्लोस्टाइल केलेला, फिकट शाईचा. वर 'जि. परभणी' असं छापलेलं आणि त्यावर बॉलपेनने काट मारून 'हिंगोली' लिहिलेलं. जिल्हा नुकताच नवा झाला होता, नियम जुनेच होते. मी कागद टाकत नाही. कुकरच्या गॅरंटी कार्डापासून मुलांच्या लसीकरणाच्या तक्त्यापर्यंत सगळं फायलीत असतं आणि फायलींची वेगळी यादी असते. घरचे त्यावर हसतात आणि काही सापडेनासं झालं की माझ्याकडेच येतात.

तर हा कागद. तो वाचून कोणालाही वाटावं की आमच्या तालुक्याच्या गावी अणुभट्टी चालत होती. 'ॲप्रनशिवाय प्रवेश नाही.' ठीक. गावात ॲप्रन शिवणारा शिंपी एकच, आणि त्याने आयुष्यात एकाच डॉक्टरचं माप घेतलेलं. त्या मापाचे ॲप्रन घालून आम्ही मुली बाह्या चार वेळा दुमडून परीक्षानळ्या हलवायचो. 'काम संपल्यावर गॅसची तोटी बंद करावी.' तोट्या होत्या, पितळी, छान चकचकीत. गॅस नव्हता. वर्षभर आम्ही स्पिरिटच्या दिव्यांवर काम केलं आणि जाताना नियमाप्रमाणे गॅस बंद केला. 'ॲसिड अंगावर सांडल्यास भाग ताबडतोब वाहत्या पाण्याखाली धरावा.' वाहतं पाणी इमारतीच्या मागे हापशाला होतं. म्हणजे एकाने दांडा मारायचा, दुसऱ्याने भाजलेला हात धरायचा, आणि तिथवर पळत जाताना नियम सहा मोडायचा, कारण नियम सहा म्हणत होता की प्रयोगशाळेत धावू नये.

'डिस्टिल्ड वॉटर' असं लिहिलेल्या दोन मोठ्या बाटल्या होत्या. प्रयोगशाळेचे शिपाई, ज्यांना सगळं कॉलेज मामा म्हणायचं, त्या बाटल्या त्याच हापशावर भरून आणायचे. आमच्याकडचं पाणी खारट. परिणाम असा की आमच्या प्रयोगशाळेत प्रत्येक क्षारात क्लोराइड निघायचं. सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले की नळीत दह्यासारखा पांढरा साका, मग समोरचा क्षार कोणताही असो. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी आनंदाने 'क्लोराइड प्रेझेंट' लिहिलं.

सर म्हणाले, "ते पाण्यातलं आहे. ॲबसेंट लिहा."

"पण सर, दिसतंय."

"दिसतंय म्हणून लिहायचं नसतं."

नियम नऊ असा होता : 'निरीक्षण जसे दिसेल तसेच नोंदवावे.' मी तो पुन्हा वाचून पाहिला आणि मग ॲबसेंट लिहिलं.

हे सर म्हणजे अख्खा रसायनशास्त्र विभाग. शिकवणारे तेच, विभागप्रमुख तेच, नियम लिहिणारेही तेच. इस्त्रीचा शर्ट, खिशात लाल, निळं आणि हिरवं अशी तीन पेनं. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांचा डोळ्यांपेक्षा कागदावर विश्वास जास्त होता, आणि एकदा कागदावर आलं की त्यात खाडाखोड करायची नाही, हा त्यांचा धर्म होता. नियम आठसुद्धा.

ते आमच्याच भागातले असल्याने बोलताना 'बराबर' म्हणायचे. आमच्याकडे बराबर म्हणजे योग्य, आणि बराबर म्हणजे सारखंही. कोणता अर्थ घ्यायचा ते ऐकणाऱ्याने आपापल्या सोयीने ठरवायचं. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडून रंग कधी बदलतो ते बघायचं, असं तीनदा करायचं आणि तिन्ही आकडे लिहायचे, हा प्रयोग सुरू होताना सर म्हणाले, "तिन्ही रीडिंग बराबर आली पाहिजेत." झालं. पूर्ण बॅचने एकदा मोजलं आणि तोच आकडा तीनदा लिहिला. सरांनी तपासले, हिरवी टिक मारली. तीन सारखे आकडे, एक टिक, वेळेची केवढी बचत. वर्षभर मी असंच केलं आणि मला त्यात काही चुकतंय असं एकदाही वाटलं नाही. वक्तशीर माणसाला शॉर्टकट लवकर पटतो.

माझ्या बाकावरची जोडीदारीण मात्र तीनदा मोजायची. ती जवळा बाजारच्या पलीकडच्या एका तांड्यावरून यायची. तांड्यावरून शास्त्र शाखेला आलेली ती पहिलीच मुलगी. घरी कापूस, थोडं सोयाबीन, आणि एक मोठा भाऊ, ज्याचं म्हणणं असं की पोरीला एक वर्ष देऊन बघू. पास झाली तर पुढचं वर्ष, नाही तर घर. हे तिने मला पहिल्याच महिन्यात सांगितलं, तेही परीक्षानळी धुता धुता, जणू वेळापत्रक सांगावं तसं.

"आणि मार्क कमी पडले तर?" मी विचारलं.

"कमी चालतेत. नापास चालत न्हाई. याडीनं लई भांडून हे एक वर्ष मिळवलंय." याडी म्हणजे तिची आई.

आमच्या बॅचचं प्रात्यक्षिक नेमकं जवळ्याच्या बाजाराच्या दिवशी यायचं. नियम तीन : 'प्रात्यक्षिकाची वेळ अकरा. अकरा वाजून पाच मिनिटांनंतर येणाऱ्याची गैरहजेरी लागेल.' तिची एसटी इतर दिवशी पावणेअकराला पोचायची. बाजाराच्या दिवशी टोपल्या, पोती आणि पाय बांधलेल्या कोंबड्या चढवून साडेअकराला. तीही नशीब बरं असलं तर.

आता या गोष्टीतला सगळ्यात देखणा भाग. प्रयोगशाळेच्या कुलपाची किल्ली एकच, ती मामांकडे. मामा राहायला हट्ट्याला, त्याच रस्त्यावरच्या गावी. आणि मामा यायचे त्याच एसटीने.

म्हणजे दर आठवड्याला असं व्हायचं : अकराला पाच कमी असताना आम्ही गावातली मुलं-मुली ॲप्रन घालून बंद दारासमोर व्हरांड्यात उभे. ठीक अकराला सर यायचे, कुलपाकडे न बघता मस्टर उघडायचे आणि हजेरी घ्यायचे. तिचा नंबर माझ्यानंतरचा.

"बत्तीस?"

मी म्हणायचे, "येऊन राहिली सर."

"येऊन राहिली म्हणजे आलेली नाही." आणि लाल पेनाने 'A'.

मग सर चहाला. साडेअकराच्या पुढेमागे मामा आणि बत्तीस नंबर फाटकातून बरोबरच आत यायचे, तिच्या हातात मामांची डब्याची पिशवी. मागून कोणीतरी ओरडायचं, "मामा, पळा की!" मामा त्याच चालीने येत म्हणायचे, "काहून घाई करून राहिले? कुलूप काय पळून चाललं?" दार उघडायचं, ती सगळ्यांबरोबर आत जायची, सगळ्यांबरोबर प्रयोग करायची, आणि प्रयोग संपला की सर तिच्या जर्नलवर तारखेनिशी सही करायचे. नियम चौदाप्रमाणे, त्याच दिवशी.

म्हणजे मस्टरात ती नव्हती आणि जर्नलात होती. दोन्हीकडे हस्ताक्षर एकाच माणसाचं. आम्हाला यात काही धोका दिसला नाही. सही आहे म्हणजे झालंच, असं आम्ही धरून चाललो. मी तेव्हाही वहीत नोंदी ठेवायचे, आणि 'कुलूप उघडले' असा एक रकाना नुसत्या कंटाळ्यापोटी सुरू केला होता. दारासमोर अर्धा तास उभं राहून माणसाने करायचं तरी काय? त्या रकान्यात एकदाही अकरा नाहीत. सर्वांत लवकर अकरा वीस. त्या दिवशी मी शेजारी उद्गारचिन्ह काढलं होतं.

परीक्षेच्या दहा दिवस आधी फलकावर यादी लागली. 'प्रात्यक्षिकांची हजेरी अपुरी असल्याने खालील विद्यार्थ्यांची जर्नल्स प्रमाणित केली जाणार नाहीत.' जर्नल प्रमाणित नाही तर प्रात्यक्षिक परीक्षा नाही, प्रात्यक्षिक नाही तर विषय गेला, विषय गेला तर वर्ष. खालील विद्यार्थी चार. त्यातले तीन खरोखरच वर्षभर कॅरम खेळत होते. चौथी ती. सोळा प्रात्यक्षिकांपैकी चारला हजर. ते चार दिवस म्हणजे ज्या दिवशी सरांनाच उशीर झाला होता.

तिने यादी वाचली आणि मला विचारलं, "बारा टाइम मी कुठं होते गं?"

आम्ही तिचं जर्नल घेऊन सरांकडे गेलो. सरांनी पानं उलटली. स्वतःच्या बारा सह्या बघितल्या, मस्टर काढून बारा लाल 'A' बघितले. मी मदत म्हणून माझी वही पुढे केली. सरांनी कुलपाचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला, उद्गारचिन्हासकट.

"हे तुम्ही कशासाठी लिहिलंय?"

"असंच सर. सवय आहे."

"प्रयोगशाळेत विषयाबाहेरच्या नोंदी करू नयेत. नियम सतरा."

"सर, ह्या प्रयोगशाळेबाहेरच्या आहेत. दार बंद होतं."

त्यांनी वही मिटून मला परत दिली. मग, खरं सांगायला हवं, त्यांनी योग्य तेच करायचं ठरवलं. ऑफिसातल्या क्लार्कना बोलावलं, मस्टर आणि जर्नल त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "या मुलीचं मस्टर आणि जर्नल बराबर करून टाका." एवढं बोलून ते पेपर तपासायला दोन दिवस बाहेरगावी गेले. आम्ही दोघींनी बाहेर येऊन कँटीनला चहा घेतला. पहिल्यांदाच.

क्लार्क अत्यंत व्यवस्थित माणूस होते. मला त्यांच्याबद्दल आजही आदर आहे, कारण ते माझ्यासारखेच होते. तिसऱ्या दिवशी जर्नल परत मिळालं तेव्हा त्यातल्या बारा प्रयोगांवर पट्टीने आडव्या लाल रेघा मारलेल्या, आणि प्रत्येक सहीवर 'रद्द' असा शिक्का. शिक्के सरळ रेषेत. एकही तिरपा नाही.

सर आले. जर्नल बघितलं. त्यांचा आवाज व्हरांड्यापर्यंत ऐकू आला.

"मी बराबर करा म्हणालो होतो!"

"केलं की सर," क्लार्क म्हणाले. "मस्टरात बारा न्हाईत. आता जर्नलात बी बारा न्हाईत. बराबर हाय."

"अहो, बराबर म्हणजे दुरुस्त!"

"सर, मस्टरात खाडाखोड करायची न्हाई, हे तुमीच लिहून दिलंय. मग दुरुस्त करायला राहिलं ते जर्नलच."

शिक्के मारलेल्या पानावर पुन्हा शिक्का मारून 'रद्द रद्द' असं करता येईल का, हा विचार सरांनी केला असला तरी बोलून दाखवला नाही. त्यांनी एकोणीस नियमांचा तो कागद काढला आणि बोट फिरवत अकरावर थांबले. 'राहिलेली प्रात्यक्षिके परीक्षेपूर्वी जादा वेळेत पूर्ण करता येतील.' ते बोलले ते हळू, मान खाली घालून. "सहा दिवस आहेत. रोज दोन. सकाळी आठ ते अकरा. जमेल?"

तिने केलेले बारा प्रयोग, केलेच नाहीत म्हणून, परत करायचे होते. रागाने तिचे कान लाल झालेले मला दिसत होते. शेवटी म्हणाली, "जमंल सर. पण आठ वाजता कुलूप कोण उघडंल?"

सगळ्यांनी मामांकडे बघितलं. ते चहाचे कप गोळा करत होते.

"मी पहिल्या गाडीनं येतो," मामा म्हणाले. "उशीर कुलपाला व्हायचा अन् गैरहजेरी लेकराला लागायची, हे कोणतं शास्त्र? म्या तर सालभर तिच्यासंगंच आलो. माझी काहून लागली न्हाई?"

सरांनी निळ्या पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

सहा दिवस प्रयोगशाळा आठला उघडली. कॉलेजच्या इतिहासात हे प्रथमच घडत असावं. ती पहाटेच तांड्यावरून रस्त्यापर्यंत चालत यायची. सोबत याडी सडकेपर्यंत यायची आणि गाडी दिसली की परत फिरायची. भावाला काय सांगितलं, असं मी विचारलं तर म्हणाली, "सांगितलं, हुशार पोरींचा जादा क्लास हाय." मी दोन दिवस तिच्यासोबत बसले, मग माझी स्वतःची उजळणी राहिली होती म्हणून गेले नाही. वहीत ते दोन दिवस 'मदत' या रकान्यात आहेत. उरलेल्या चार दिवसांचा रकाना नाही.

बाहेरून आलेले परीक्षक पुण्याकडचे होते. शुद्ध बोलणारे, पान न खाणारे, आणि आमच्या दुर्दैवाने वाचणारे. माझी पाळी आधी. माझी उत्तरपत्रिका त्यांनी बघितली, ब्युरेट बघितलं, परत उत्तरपत्रिका बघितली.

"तिन्ही रीडिंग?"

"बराबर आहेत सर," मी आत्मविश्वासाने म्हणाले.

"बरोबर की सारखी?"

मला प्रश्नच कळला नाही. म्हणजे शब्द कळले, पण दोन वेगळे पर्याय विचारलेत हेच कळलं नाही. मी पुन्हा म्हणाले, "हो सर."

त्यांनी माझ्याआधीच्या दोघांच्या उत्तरपत्रिका मागवल्या. तिन्ही ठिकाणी तीन तीन सारखे आकडे. एवढी शिस्त त्यांनी पुण्यातही पाहिली नसेल. पुढे काय बोलले ते मी लिहून ठेवलेलं नाही, आणि माझ्या बाबतीत ही दुर्मिळ गोष्ट आहे.

मग बत्तीस नंबर. तिचे तीन आकडे थोडे थोडे वेगळे. परीक्षकांनी मान हलवली आणि तिच्या क्षाराच्या तक्त्याकडे वळले. क्लोराइडसमोर आम्ही सगळ्यांनी मुकाट्याने ॲबसेंट लिहिलं होतं. तिने लिहिलं होतं : 'पांढरा साका येतो. पण बाटलीतल्या नुसत्या पाण्यालाही तेवढाच येतो. म्हणून क्षारात क्लोराइड नाही.'

"नुसतं पाणी तपासायला कोणी सांगितलं?"

"कुणी न्हाई सर. सकाळी एकटीच होते, टाइम होता. मामांनी पाणी भरलं तवा बघितलं."

कोपऱ्यात उभे असलेले मामा बाटलीपासून दोन पावलं लांब सरकले. आमचे सर खिडकीबाहेर बघू लागले, जिथे हापसा होता, म्हणून त्यांनी तिकडूनही नजर काढली.

परीक्षकांनी तिचं जर्नल उचललं. ते इतरांच्या दुप्पट जाड होतं. एक प्रयोग, त्यावर लाल रेघ, रद्दचा शिक्का, मागे पुन्हा तोच प्रयोग, नवी तारीख, नवी सही. असं बारा वेळा.

"हे सगळं दोनदा का लिहिलंय?"

"पहिल्या टायमाला मी गैरहजर होते सर."

"मग पहिल्या वेळी हे केलं कोणी?"

"मीच."

परीक्षकांनी तिच्याकडे बघितलं, मग सरांकडे. सर म्हणाले, "तांत्रिक बाब आहे." परीक्षक म्हणाले, "असं का," आणि प्रमाणपत्राच्या पानावर सही केली. मग ते पान वाळेपर्यंत त्यांनी स्वतः फुंकर मारली. हे मी बघितलं म्हणून लिहिते आहे.

ती पास झाली. प्रात्यक्षिकात बॅचमध्ये पहिली आली. मी कितवी, हे या लेखाशी संबंधित नाही. भावाला निकालाचा कागद दाखवला तेव्हा तो म्हणाला, "जादा क्लास कामी आला म्हणायचा," आणि पुढचं वर्ष मंजूर झालं.

दुसऱ्या वर्षी नियमांचा नवा कागद मिळाला. आता 'जि. हिंगोली' नीट छापलेलं होतं. मला वाटलं, नियम तीन बदलला असेल. निदान हजेरी कुलूप उघडल्यावर घ्यायची, एवढं तरी. नियम तीन होता तसाच होता, अकरा म्हणजे अकरा. फक्त सर त्या वर्षी स्वतः साडेअकराला यायला लागले. त्याबद्दल कोणी काही बोललं नाही, त्यांनीही नाही, आणि तिला एकदाही लाल 'A' लागला नाही.

बदल एकच होता, अगदी शेवटी. नियम वीस : 'कोणताही प्रयोग जर्नलमध्ये दोनदा लिहू नये.'

ती व्हरांड्यात नुकतीच पोचली होती, एका हातात मामांची पिशवी. तिने कागद घेतला, सगळं सोडून शेवटचा नियम वाचला आणि मला कोपराने ढोसलं.

"बघ की," ती म्हणाली. "ह्यो माझा हाय."